जर्मन विद्यापीठातून आयर्लंडला एक सत्र : कागद, खोली, गुण आणि आयरिश माणसं

सातबारा (धागाकर्ता)

जर्मनीत वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांचे आयर्लंडबद्दलचे प्रश्न दहा धाग्यांवर विखुरलेत, ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. ब्रिटन इरॅस्मसमधून (युरोपातली विद्यार्थी-देवाणघेवाण योजना) बाहेर पडल्यापासून इंग्रजीत शिकायला म्हणून आयर्लंडवर उड्या पडतात, पण जागा मोजक्या.

नमुना असा धरू: जर्मन पासपोर्ट, जर्मन विद्यापीठात बॅचलरचं तिसरं वर्ष, सप्टेंबर ते डिसेंबर गॉलवे (आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर). त्याच वर्गात भारतीय पासपोर्टवर शिकणारी मुलंही असतात, त्यांचंही येऊ द्या. कृपया "खूप छान देश आहे" छापाचं नको. आकडे, तारखा, कुठे अडतं, तेवढंच.

तिरफळ

आधी पंचांग बघा, मग विद्यापीठ.

जर्मन हिवाळी सत्राची व्याख्यानं साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. आयर्लंडचं पहिलं सत्र सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतं, बाराएक आठवडे शिकवतात, डिसेंबरात परीक्षा आणि नाताळाआधी मोकळे. हे सत्र जर्मन वेळापत्रकात नीट बसतं. खोच एकच: जर्मनीतल्या उन्हाळी सत्राच्या फेरपरीक्षा बरेचदा सप्टेंबर-ऑक्टोबरात असतात. जुलैत एखादा विषय राहिला तर तो तुम्ही गॉलवेत असताना येणार. तेव्हा जुलैतच निकाल लावा.

दुसरं सत्र जानेवारीत चालू होतं. जर्मनीत तेव्हा हिवाळी व्याख्यानं चालूच असतात आणि फेब्रुवारीच्या परीक्षा डोक्यावर. फक्त दुसऱ्या सत्रासाठी जाणाऱ्याचा जर्मन हिवाळी सत्राचा शेवट आणि परीक्षा बुडतात. जायचं तर पहिल्या सत्राला किंवा पूर्ण वर्षाला.

परतीचं तिकीट परीक्षेचं वेळापत्रक लागल्याशिवाय काढू नका. ते सत्राच्या मध्यावर कधीतरी लागतं आणि तुमचा पेपर शेवटच्या दिवशीही येऊ शकतो. नापास झालात तर फेरपरीक्षा थेट ऑगस्टात.

आता लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे तिथे घ्यायच्या विषयांचा करार. सत्राला ३० क्रेडिट. बहुतेक ठिकाणी एक विषय ५ क्रेडिटचा, म्हणजे सहा विषय. लिमरिक विद्यापीठात ६ क्रेडिटचा, म्हणजे पाच. अर्जात मात्र आठ-नऊ विषय जर्मन समन्वयकाकडून मंजूर करून ठेवा. पाहुण्या विद्यार्थ्याला वेगवेगळ्या वर्षांचे विषय घेता येतात, त्यामुळे दोन तास एकाच वेळी येणं ठरलेलंच. विषय बदलायला पहिले एक-दोन आठवडे मिळतात. प्रत्येक बदलावर तिन्ही सह्या लागतात: तुमची, जर्मन विभागाची, आयरिश विभागाची. त्या त्याच आठवड्यात घ्या. डिसेंबरात मागायला गेलात की जर्मन विभाग विचारतो, "हा विषय कोणी मंजूर केला होता?" आणि ५ क्रेडिट गेलेच समजा.

हेमाडपंती

तिरफळ यांनी क्रेडिटचं सांगितलं, मी गुणांचं सांगतो. सगळ्यात जास्त रडारड इथेच होते.

आयर्लंडमध्ये ४० ला पास, ५० ते ५९ द्वितीय श्रेणीचा खालचा वर्ग, ६० ते ६९ वरचा, ७० च्या पुढे प्रथम श्रेणी. मानव्य शाखांमध्ये ७५ मिळाले तर मास्तर खूश आहेत असं समजा, ८५ क्वचितच दिसतात. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. मध्ये रूपांतर करायला बरीच विद्यापीठं 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात:

जर्मन श्रेणी = १ + ३ × (कमाल गुण − मिळालेले गुण) ÷ (कमाल गुण − पासाचे गुण)

कमाल १०० धरले आणि मुलाला ७० मिळाले तर १ + ३ × ३० ÷ ६० = २.५. आयरिश प्रथम श्रेणी आणि जर्मनीत पदरी पडतं मधलंच काहीतरी. तोच विभाग कमाल ८० धरत असेल तर १ + ३ × १० ÷ ४० = १.७५. एकाच उत्तरपत्रिकेला पाऊण श्रेणीचा फरक, आणि मास्टर्सच्या प्रवेशाला २.५ ची अट असेल तर तो जीवघेणा. काही विभाग सूत्राऐवजी स्वतःचा तक्ता वापरतात, त्यात ७० ला १.० किंवा १.३ सुद्धा मिळतं.

म्हणून निघण्याआधी विभागाला ईमेलने तीन गोष्टी विचारा: सूत्र की तक्ता, सूत्र असेल तर कमाल किती धरता, आणि श्रेणी न धरता नुसतं 'उत्तीर्ण' म्हणून क्रेडिट घेता येतं का. उत्तर लेखी घ्या. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर सरळ तेच करा, सत्र सुखात जाईल.

आता अभ्यासाची रीत. जर्मनीत नव्वद मिनिटांचं व्याख्यान, शेवटी एक परीक्षा किंवा सुट्टीत लिहायचा दीर्घ निबंध. आयर्लंडमध्ये तास पन्नास मिनिटांचा आणि मूल्यमापन सत्रभर चालू: पाचव्या-सहाव्या आठवड्यात दीड-दोन हजार शब्दांचा निबंध, ट्युटोरियलला हजेरी, मध्येच छोटी चाचणी. सहा विषयांचे सहा निबंध ऑक्टोबरच्या शेवटी एकाच आठवड्यात येऊन आदळतात. उशिराला दंड असतो, किती ते त्या विषयाच्या माहितीपत्रकात पहिल्याच दिवशी वाचा. शब्दमर्यादाही तिथेच. जर्मन मुलांचा निबंध हमखास लांबतो, कारण आधी अर्धा निबंध संशोधनाचा इतिहास सांगण्यात जातो. आयरिश परीक्षकाला पहिल्या परिच्छेदात तुमचं म्हणणं हवं असतं.

प्राध्यापकांना ईमेलमध्ये पहिल्या नावाने हाक मारतात. पहिल्या ईमेलला 'डॉ. अमुक' लिहावं, उत्तराखाली नुसतं पहिलं नाव आलं की पुढे तेच.

पाणकोंबडी

कागद.

जर्मन पासपोर्ट असेल तर व्हिसा नाही, नोंदणी नाही, जर्मन ओळखपत्रावरही आत घेतात. पण आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे विमानतळावर तपासणी होते. नवख्या जर्मन मुलांना खटकतं ते असं की जर्मनीत गावात राहायला आल्यावर जशी पत्त्याची नोंद करावी लागते तसं इथे काहीच नसतं. वर वर सुख. पण मग बँक, पीपीएस क्रमांक (कर आणि सरकारी कामांसाठीचा ओळख क्रमांक) देणारं कार्यालय, सगळेच पत्त्याचा पुरावा मागतात आणि वीजबिल असतं घरमालकाच्या नावावर. विद्यापीठाकडून पत्त्यासकट प्रमाणपत्र मागून घ्या.

भारतीय पासपोर्ट आणि जर्मन निवास परवाना असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. तो परवाना शेंगेनपुरता, आयर्लंडला त्याचा उपयोग शून्य. नव्वद दिवसांहून जास्त शिकायचं तर आयर्लंडचा 'डी' व्हिसा आधी काढायचा: ऑनलाइन अर्ज, शुल्क एका प्रवेशाला ६० युरो, अनेक प्रवेशांना १००. सोबत विद्यापीठाचं पत्र, पैशांचा पुरावा, वैद्यकीय विमा. पोहोचल्यावर आयरिश निवास परवान्याची नोंदणी, शुल्क ३०० युरो. सप्टेंबर ते डिसेंबर म्हणजे नव्वद दिवस ओलांडतातच, त्यामुळे ही नोंदणी सुटत नाही. एका सत्रापुरत्या पाहुण्यांना बहुधा '२ए' शिक्का मिळतो, त्यावर नोकरी करता येत नाही. बजेट तसंच धरा.

आणि हे कोणी सांगत नाही: जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलात तर जर्मन निवास परवाना कायद्याने आपोआप संपू शकतो. पूर्ण वर्षासाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने जर्मन परदेशी नागरिक कार्यालयाकडून आधी मुदतवाढीचं लेखी पत्र घ्यावं.

सातबारा

पाणकोंबडी, अनेक आभार. शनिवार-रविवार बेलफास्टला जायचं तर?

पाणकोंबडी

बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटन. जर्मन नागरिकाला पासपोर्ट लागतो, ओळखपत्र चालत नाही, आणि एप्रिल २०२५ पासून ईटीए ही ऑनलाइन परवानगीही. आयर्लंडमध्ये राहणाऱ्याला, तो ब्रिटनचा व्हिसा न लागणाऱ्या देशाचा असेल तर, आयर्लंडमधून जाताना ती माफ आहे, पण राहण्याचा पुरावा खिशात हवा. भारतीय पासपोर्टला ब्रिटिश व्हिसा. सीमेवर नाका दिसत नाही म्हणून नियम नाही असं समजू नका, बसमध्ये अधूनमधून तपासणी होते.

फोनचंही बघा. जर्मन सिम आयर्लंडमध्ये देशातल्याच दराने चालतं. मात्र कंपनी चार महिन्यांचा वापर तपासून, तुम्ही बाहेरच जास्त राहता असं दिसलं तर जादा आकार लावू शकते. एका सत्राला सहसा अडचण येत नाही, वर्षाला येते. ब्रिटनला मात्र युरोपीय नियम लागू नाही. डोनेगलच्या सीमेलगत फोन आपोआप ब्रिटिश टॉवर पकडतो, तिथे नेटवर्क हाताने निवडा.

कोरा_चहा

खोली. हा एकच विषय असा आहे की ज्यावर वेळेत हालचाल न केल्याने मुलं सत्र रद्द करतात.

क्रम असा ठेवा. निवडीचं पत्र आलं की त्याच दिवशी विद्यापीठाच्या वसतिगृहांना अर्ज. गॉलवेत कॉरिब व्हिलेज, गोल्डक्रेस्ट, डनलिन. तिथे पूर्ण वर्षवाल्यांना झुकतं माप असतं, एका सत्रवाल्याचा नंबर लागेलच असं नाही. दुसरं, विद्यार्थी संघटनेची 'डिग्ज'ची यादी, म्हणजे कुणाच्या तरी घरात एक खोली. तिसरं, डाफ्ट हे संकेतस्थळ. गॉलवेत सॉल्टहिलच्या बाजूला उन्हाळ्यात पर्यटकांना दिली जाणारी घरं सप्टेंबर ते मे विद्यार्थ्यांना मिळतात, पण घरमालकाला नऊ महिन्यांचा माणूस हवा असतो. सत्रवाल्यांनी जोडी जमवावी: एक पहिल्या सत्राचा, एक दुसऱ्या सत्राचा, करार आधीच दोघांच्या नावाने.

डिग्जचे बारकावे. पुष्कळ घरं फक्त सोमवार ते शुक्रवार खोली देतात, कारण आयरिश मुलं शुक्रवारी घरी जातात. जर्मन मुलाने शनिवारी जायचं कुठे? तेव्हा सात रात्रींचं हवं हे पहिल्या फोनवर सांगा. घरमालकांना वर्षाला १४,००० युरोपर्यंतचं असं भाडं करमुक्त आहे, म्हणून अशा खोल्या निघतात. पण घरमालक त्याच घरात राहत असेल तर कायद्याने तुम्ही भाडेकरू ठरत नाही, पाहुणे ठरता. भाडेकरूला मिळणारं नोटिशीचं आणि भाडेवाढीचं संरक्षण नाही. स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत, कपडे आठवड्यातून किती वेळा, हीटर कोण लावणार, मित्र येऊ शकतो का, अनामत कधी परत, हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. आयरिश मालकीण म्हणेल, "अहो कागद कशाला, आपण बघू की." तरी हसत हसत कागद पुढे करा.

रीतसर भाडेकरार असेल तर अनामत एका महिन्याची आणि आगाऊ भाडं एका महिन्याचं, याहून जास्त मागता येत नाही.

फसवणुकीची खूण ठरलेली: मालक 'परदेशात' असतो, किल्ली कुरियरने येणार असते, भाडं बाजारापेक्षा दोनशे-तीनशेने कमी असतं, आणि नेहमीच्या बुकिंग संकेतस्थळासारखं दिसणारं खोटं पान पाठवतो. खोली स्वतः किंवा ओळखीच्या कुणी बघितल्याशिवाय एक युरो पाठवू नका. पहिल्या दहा दिवसांसाठी हॉस्टेल धरून जाणं परवडतं.

पत्त्यात एरकोड (आयरिश पिनकोड) लिहायला विसरू नका, सात अक्षर-अंकांचा, दर घराला वेगळा. गॉलवेचा एच९१ ने सुरू होतो. गावाकडच्या घरांना नंबरच नसतो, कुरियरवाला एरकोडवरच येतो. जर्मनीसारखं पत्रपेटीवर नाव लावायची पद्धत इथे नाही, दाराच्या फटीतून पत्र आत पडतं.

उत्तररात्र

खोली मिळाल्यावर पहिल्या दिवशीचा प्रश्न: गरम पाणी कुठाय?

जुन्या आयरिश घरात जिन्यावर एक कपाट असतं, हॉट प्रेस. आत तांब्याची टाकी, वर जाड जाकीट, बाजूच्या फळ्यांवर टॉवेल वाळत टाकलेले. भिंतीवर दोन बटणं: एक चालू-बंद, दुसरं 'सिंक' आणि 'बाथ'. सिंकवर ठेवलं तर टाकीच्या वरच्या भागातली तार तापते, अर्ध्या तासात भांडी घासण्यापुरतं पाणी. बाथवर अख्खी टाकी, दोनेक तास. तार साधारण ३ किलोवॉटची, म्हणजे दोन तासांत सहा युनिट. चालू ठेवून बाहेर गेलात तर बिल येईपर्यंत कळत नाही आणि घरात त्यावरून खरोखरची भांडणं होतात. काम झालं की बंद.

अंघोळीला बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रिक शॉवर असतो, पाणी जागच्या जागी तापवणारा, ८ ते ९ किलोवॉटचा. दहा मिनिटांना दीड युनिट, म्हणजे टाकी तापवण्यापेक्षा स्वस्त. तो चालू होत नसेल तर छताला लोंबणारी दोरी ओढा, तिच्यावर लाल दिवा असतो. जर्मन मुलं इथे अर्धा तास घालवतात, कारण न्हाणीघरात बटण कुठे दिसतच नाही. पाण्याची धार वाढवली की ते गार होतं, कारण तापवायची ताकद तेवढीच. हिवाळ्यात येणारं पाणीच गार असतं, तेव्हा धार कमी ठेवायची.

प्यायचं पाणी स्वयंपाकघरातल्या गार नळाचंच. न्हाणीघरातलं अनेकदा माळ्यावरच्या टाकीतून येतं.

हीटर दिवसभर चालू नसतात, सकाळी-संध्याकाळी ठरलेल्या वेळेला लागतात. त्यामुळे ओल आणि बुरशी. भिंतीतलं हवा खेळण्यासाठीचं वर्तुळाकार भोक थंडी येते म्हणून फडक्याने बुजवू नका, बुरशी तिथूनच सुरू होते. जर्मन सवयीने दिवसातून दोनदा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडा, ती सवय इथे सोन्यासारखी आहे.

प्लग तीन चौकोनी पायांचा, ब्रिटिश. जर्मन एक्स्टेंशन बोर्ड आणि एकच अ‍ॅडॉप्टर नेला की काम भागतं.

तिरफळ

उत्तररात्र यांच्या पोस्टीला जोड, वादळाची. हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल असा इशारा देतं. लालला विद्यापीठं बंद, बस बंद, घराबाहेर पडायचं नाही. २४ जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात गॉलवे किनाऱ्यावरच्या मेस हेडला ताशी १८४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि ७,६८,००० ग्राहकांची वीज गेली. गावाकडे विहिरीचा पंप विजेवर, म्हणजे पाणीही जातं. नारिंगी लागला की पॉवर बँक भरा, बादलीभर पाणी काढा. छत्री आणूच नका, टोपीवालं जाकीट आणा.

कोरा_चहा

आजारपणासाठी: जर्मन विमा कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य कार्ड असतं, मुदत बघून घ्या. सरकारी करारातल्या डॉक्टरकडे ते चालतं, नाहीतर भेटीला ६० युरोच्या आसपास जातात. नंबर लावतानाच "युरोपीय कार्डावर बघता का?" विचारा. विद्यापीठाचा दवाखाना आधी. इस्पितळाच्या तातडीच्या विभागात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गेलं तर १०० युरो आकार आहे, कार्ड असेल तर नाही.

हेमाडपंती

नोकरी करणार असाल तर वरचं विम्याचं सगळं बदलू शकतं. आयर्लंडमध्ये पगार घेतला की सामाजिक विमा आयरिश नियमांखाली येतो, मग जर्मन विमा कंपनीकडे तुमचं खातं कसं धरलं जाईल हे आधी त्यांनाच विचारा. विशेषतः आईवडिलांच्या विम्यावर असलेल्या पंचविशीखालच्या मुलांनी.

पीपीएस क्रमांक नोकरी ठरल्यावर मिळतो, त्याला कारण दाखवावं लागतं. तो आला की महसूल खात्याच्या संकेतस्थळावर नोकरीची नोंद स्वतः करायची. ती राहिली तर 'इमर्जन्सी टॅक्स' कापतात, क्रमांकच नसेल तर पहिल्या युरोपासून ४० टक्के. नंतर परत मिळतो, पण तोवर भाडं कुठून देणार? किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १३.५० युरो, विशीच्या आतल्यांना कमी. जर्मन बँक खात्यावर पगार नाकारता येत नाही, आयबॅन (बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) कुठल्याही युरो देशाचा चालला पाहिजे असा युरोपचा नियमच आहे. चार महिन्यांसाठी आयरिश खातं उघडायच्या भानगडीत पडू नका.

इरॅस्मसची मदत: आयर्लंड महागड्या देशांच्या गटात, जर्मनीतून जाणाऱ्यांना अलीकडे महिन्याला ६०० युरो. गॉलवेची खोलीच ती खाते. ज्यांना जर्मनीत बाफॉग (सरकारची विद्यार्थी-मदत) मिळत नाही त्यांनाही परदेशाचं बाफॉग मिळू शकतं, कारण त्याचे हिशेब वेगळे. अर्ज सहा महिने आधी.

पाणकोंबडी

बस: स्टुडंट लीप कार्ड (विद्यार्थ्यांचं सवलतीचं प्रवास-कार्ड) काढा. डब्लिनमध्ये नव्वद मिनिटांचा प्रवास २ ऐवजी १ युरो. थांब्यावर नुसतं उभं राहिलं तर बस निघून जाते, हात दाखवावा लागतो. उतरताना ड्रायव्हरला सगळे आभार मानतात, तुम्हीही माना.

उत्तररात्र

आता माणसं. शीर्षकात आहेत आणि अजून कोणी बोललं नाही.

आयरिश विद्यार्थ्यांचा आठवडा शुक्रवारी दुपारी संपतो. बॅग उचलून आपापल्या गावी, आईच्या हातचं जेवण, गावच्या संघाची मॅच, अर्धवेळ नोकरी. म्हणून गुरुवारची रात्र ही बाहेर पडायची रात्र. जर्मन मुलं शनिवारची वाट बघतात आणि मग शनिवारी भेटतात ती फक्त इतर इरॅस्मसवाली: स्पॅनिश, फ्रेंच, आणखी जर्मन. चार महिन्यांनी तक्रार की आयरिश मित्र झालेच नाहीत. झाले नाहीत कारण ते गावी होते.

खरा रस्ता विद्यार्थी मंडळांचा. सत्राच्या पहिल्या आठवड्यांत एक दिवस सगळी मंडळं टेबलं मांडून बसतात, वर्गणी दोन-पाच युरो. जर्मन विद्यापीठांत या तोडीचं काही नसतं, म्हणून मुलं त्याला जत्रा समजून फुकटचा पिझ्झा खाऊन परततात. गिर्यारोहण, कयाक, वादविवाद, नाटक, काहीही निवडा, पण असं निवडा की जे आठवड्याच्या मधल्या वारी भेटतं आणि जिथे काम करावं लागतं. वीस मंडळांत नाव नोंदवण्यापेक्षा एका ठिकाणी खुर्च्या उचला.

नकार ओळखायला शिका. "बघूया", "कळवतो तुला", "जमलं तर नक्की" ही तिन्ही उत्तरं बहुतेक वेळा नाही अशीच असतात. आपल्याकडे "या ना एकदा घरी" म्हणतात त्याच जातीचं, त्यामुळे मराठी घरातल्या मुलाला हे पटकन कळायला हवं! उलट बाजूने, गटकामात जर्मन मुलगा "हे चूक आहे" म्हणतो तेव्हा आयरिश मुलं गप्प होतात आणि पुढच्या बैठकीला त्याला बोलावत नाहीत. तेच "इथे मला एक शंका आहे" म्हणून सांगितलं तर ऐकतात. चेष्टा मात्र सहन करायची. टिंगल सुरू झाली म्हणजे तुम्हाला घरात घेतलं. जर्मन शिस्तीवर, टॉवेल टाकून खुर्ची अडवण्यावर, २०१० मध्ये आयर्लंडला मिळालेल्या बचाव-कर्जाच्या अटींवर (दोष बर्लिनला) बोलतील. चिडू नका, उलट एक सोडा. दुसऱ्या महायुद्धावरचे विनोद चालवून घ्यायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. आयर्लंड तेव्हा तटस्थ होता आणि विकलो परगण्यात ग्लेनक्रीला १३४ थडगी असलेली जर्मन दफनभूमी आहे, हे पुष्कळ आयरिश मुलांनाही माहीत नसतं.

पबचा हिशेब. चौघं बसले की पाळीपाळीने एकेक जण सगळ्यांसाठी आणतो, पैसे काउंटरवर तिथल्या तिथे. जर्मनीसारखं शेवटी प्रत्येकाचं वेगळं बिल नाही. पहिला ग्लास स्वीकारलात की तुमची पाळी येणार, टाळून निघून गेलात तर वर्षभर लक्षात ठेवतात. कमी पिणाऱ्याने किंवा न पिणाऱ्याने सुरुवातीलाच "मी माझं आणतो" म्हणावं, कोणी वाईट वाटून घेत नाही. दुकानातही बिअर जर्मनीसारखी स्वस्त नाही: जानेवारी २०२२ पासून दर ग्रॅम अल्कोहोलला किमान १० सेंट असा नियम आहे, म्हणजे ४.३ टक्क्यांचा अर्धा लिटरचा डबा १.७० युरोच्या खाली मिळणार नाही. रात्री १० नंतर दुकानं दारू विकत नाहीत.

तिरफळ

+१, विशेषतः गुरुवार.

कोरा_चहा

जर्मन पाव मिळत नाही ही रड ठरलेली. आल्डी १९९९ पासून आणि लिडल २००० पासून आहेत, राय ब्रेड तिथे किंवा पोलिश दुकानात. क्वार्क (चक्क्यासारखं मऊ चीज) तेही पोलिश दुकानात.

बाटल्यांची अनामत फेब्रुवारी २०२४ पासून इथेही आहे: अर्ध्या लिटरपर्यंत १५ सेंट, वर २५. फक्त प्लास्टिक आणि डबे, काच नाही. डबा चेपून नेला तर मशीन घेत नाही.

सातबारा

शेवटचा प्रश्न. डिसेंबरात परत आल्यावर गुणपत्रिका कधी येते? काही मास्टर्सच्या अर्जाची मुदत १५ जानेवारी असते.

हेमाडपंती

१५ जानेवारी गाठणार नाही. परीक्षा मंडळाची बैठक नाताळानंतर होते, पाहुण्या विद्यार्थ्यांची गुणपत्रिका जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, तीही बहुधा इरॅस्मस कार्यालयामार्फत. अर्जाला चालू विषयांचं प्रमाणपत्र आणि सह्या झालेलं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट जोडा, "निकाल प्रलंबित" असं लिहा. बरीच विद्यापीठं गुण नंतर स्वीकारतात, पण त्यांच्या नियमावलीत त्याची शेवटची तारीख वेगळी दिलेली असते, ती शोधून ठेवा. आणि गॉलवे सोडण्याआधी उपस्थितीच्या दाखल्यावर शेवटच्या दिवसाची तारीख घालून सही-शिक्का घ्या. तारीख चार दिवस अलीकडची पडली तर इरॅस्मसच्या मदतीतून तेवढ्या दिवसांचे पैसे परत मागतात.